भामामावशींची दोन करडं

मंगळवारी लॅबमध्ये डोकं फिरलं, ते अजून शांत झालेलं नाही... म्हणून लिहितेय.

मी पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. करतेय. वाशी तालुक्यातल्या एका गावात आम्ही शेळ्यांच्या करडांवर प्रयोग केला. तीन गट, तीन प्रकारचं खाद्य, तीन महिने. तिसरं खाद्य आमच्या गाइड सरांनी स्वतः तयार केलेलं. करडं गावातल्या बायकांचीच, तिसऱ्या गटातली दोन भामामावशींची; आम्ही दिलेलं खाद्य त्या बायका सांज-सकाळ मोजून घालायच्या. दर रविवारी मी काटा घेऊन जायचे आणि एकेका करडाचं वजन करायचे.

शेवटी प्रत्येक गटाची सरासरी वाढ काढली. सरांचा गट पुढं होता, सर खूश... पण नुसत्या सरासरीवर निकाल देता येत नाही. एकच खाद्य खाणारी करडंसुद्धा कमी-जास्त वाढतात. गटागटांतला फरक या आतल्या फरकाच्या मानानं पुरेसा मोठा आहे का, हे तपासावं लागतं. ते तपासायची रीत म्हणजे अनोव्हा. मी केलं... फरक पुरेसा निघाला नाही.

सर म्हणाले, "त्या भामाबाईची दोन करडं काढून टाक. मग बघ."

बघितलं. ती दोन काढली की गटाची सरासरी चढते, आतली तफावत घटते आणि निकाल अगदी सरांना हवा तसा येतो.

मी कारण विचारलं. "तिनं खाद्य म्हशीला घातलं असणार. या बायकांचा काय भरवसा?"

भामामावशींकडं म्हैस नाही. सर त्या गावात एकदाही आले नव्हते. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "मग विकलं असेल." पहिल्या गटातही दोन करडं अशीच मागं राहिली होती. त्यांच्या मालकिणीवर मात्र कुणाचा संशय नव्हता...

संताप झाला. पण खरं सांगते, मनात शंकाही शिरली. बुधवारी गावात गेले आणि मावशींना विचारलंच, खाद्य करडांनाच घातलं ना?

मावशी म्हणाल्या, "ताई, लेकीला बाळ झालं. बारशाला बी गेले न्हाय. सांज-सकाळ मोजून कोण घालंल म्हणून." पुढं म्हणाल्या, "दोन न्हाय वाढली. न्हाय वाढली तर तसंच लिहा की."

मला मान वर करता येईना.

गुरुवारी सरांना सांगितलं, सगळी करडं राहतील. आजारी पडल्याची नोंद असती, तर मीच काढली असती आणि कारणही लिहिलं असतं. प्रबंधावर सही देणार नसाल तर वजनांची वही विभागप्रमुखांकडं घेऊन जाते. काल सरांनी सही केली... माझ्याकडं न बघता.

प्रबंधात आता लिहिलंय, तिन्ही खाद्यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

राग सरांवर आहेच. त्याहून जास्त स्वतःवर आहे. जिनं नातवाचं तोंड पाहणं लांबणीवर टाकून माझा प्रयोग सांभाळला, तिच्याच दारात जाऊन मी तिच्या खरेपणाचा पुरावा मागितला...

मावशी, आभारात पहिलं नाव तुमचं आहे. माफी मागायला मात्र मी स्वतः येतेय.