बदली तासांची वही

महिना होत आला. शाळेला जाता जाता औरंगपुऱ्यात वह्यांची कव्हरं घेत होते, तेव्हा शेख सरांच्या मुलीचा फोन आला. "बाई, अब्बा गेले. सकाळी चहा घेता घेता..." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण आज त्यांना तीन बदली तास आहेत." त्याची लाज अजून गेलेली नाही.

शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे. कुणी रजेवर असलं की त्याच्या तासाला दुसऱ्याचं नाव वहीत लिहायचं, शिपाई वही फिरवणार, ज्याचं नाव त्यानं सही करायची. बाकीचे तोंड वाकडं करत. शेख सर हसून सही करत. "नाय म्हणायचं आपल्याला जमतच नाय बाई." मऊ लागलं म्हणून कोपरानं खणू नये म्हणतात, मी खणत राहिले. दुष्काळात सोयगावकडची कुटुंबं शहरात आली, नव्या वस्तीतल्या आमच्या शाळेचे वर्ग ओसंडले, त्यात निम्मे शिक्षक सर्वेक्षणाच्या कामाला. वहीत पानभर एकच नाव दिसायला लागलं.

एकदा मधल्या सुट्टीनंतर ते प्रयोगशाळेत टेबलावर डोकं टेकून बसलेले दिसले. बरं नाही का, विचारलं.

"पाच मिन्टं बसू द्या बाई." मग स्वतःच मान वर केली. "बोला, कोणत्या वर्गावर?"

"नववी ब," मी म्हणाले. खरं सांगते, मला हायसंच वाटलं होतं. थोड्या वेळानं त्या वर्गातून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता.

शहागंजला त्यांच्या घरी गेले, तेव्हा दारात जुने विद्यार्थी रडत होते. सर कधी चिडले नाहीत, म्हणत होते. आत मुलगी म्हणाली, "अब्बा घरी बोलतच नव्हते. म्हणायचे, बेटा, आवाज शाळेतच संपला." यातलं खरं कोणतं? वर्गात त्यांना खरंच बरं वाटायचं, की आमच्या सोयीसाठी आम्हीच तसं ठरवून टाकलं होतं? मला उमगत नाही. ते नाही म्हणाले असते तर मी ऐकलं असतं का, तेही सांगता येत नाही...

परवा एक बाई रजेवर होत्या. वही उघडली आणि सवयीनं लिहून गेले, नववी ब, शेख सर. मग खोडलं. शेजारी माझं नाव लिहिलं आणि सहज मागची पानं चाळली. इतक्या वर्षांत त्या वहीत माझं नाव एकदाही आलेलं नव्हतं.