कागदाच्या माथ्यावरचं नाव

थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये माझा आवाज गेला आणि मी देवाशी अबोला धरला. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या मराठी मंडळात दर वर्षी गणपतीची आरती मी उचलायची. आता घशातून नुसती फुसफुस निघत होती. आवाज परत येईल का, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. मग मीही एक गोष्ट सोडली. कुठल्याही कागदावर, अगदी किराण्याच्या यादीवरसुद्धा, आधी ‘श्री’ लिहायची लहानपणापासूनची सवय.

दोन हजार चारचा हिवाळा होता. मुलगी मुक्ता एका चर्चच्या कॉयरमध्ये गायची. तिला सोडलं, तर तिची फाइल गाडीतच राहिली. ती द्यायला आत गेले आणि सवयीनं दाराशी बूट काढले.

“आई, इथे कोणी शूज काढत नाही! सो एम्बॅरसिंग!”

परत दाराशी येते तर बूट गायब. बाहेर घोटाभर बर्फ. मोज्यांवर जाणार कुठे? शेवटच्या बाकावर बसले.

कॉयरचे मास्तर सांगत होते, की ही प्रार्थना रचणारा ऑस्ट्रियन संगीतकार दोनशे वर्षांपूर्वीचा. देवाचं संगीत इतकं आनंदी कसं, म्हणून लोक त्याला नावं ठेवत. पण देव आठवला की त्याला आनंदच व्हायचा, त्याचा काही इलाज नव्हता. शिवाय नवी रचना लिहायला घेतली की कागदाच्या माथ्यावर तो आधी देवाचं नाव लिहायचा.

मी चपापले. माणूस परका, भाषा परकी, आणि सवय माझी!

मग गाणं सुरू झालं. झांजा असत्या तर आमची आरतीच, इतकं भरधाव. माझे ओले मोजे ताल धरू लागले. थोड्या वेळानं जवळच कुणीतरी गुणगुणतंय असं वाटलं. बाकावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

गाणं थांबलं तरी ते गुणगुणणं चालूच होतं. मुक्ता वळून पाहत होती. “आई, दॅट वॉज यू!”

तेवढ्यात चर्चची देखभाल करणारे म्हातारे गृहस्थ माझे बूट घेऊन आले. “ओले होते, म्हणून हीटरवर ठेवले,” म्हणाले. पाय घातले तर आत छान ऊब. मी त्यांना हात जोडले.

चार महिने मी गुळण्या आणि घशाचे व्यायाम घड्याळ लावून केले होते. त्यांचाही उपयोग झालाच असेल. पण आवाज आला तो माझं लक्ष नसताना, माझ्या हातात काहीच नसताना. तेव्हापासून करायचं ते करते आणि उरलेलं देवावर सोडते. घरी गेल्यावर फ्रिजवरच्या यादीत दुधाच्या वर जागा नव्हती, तरी दाटीवाटीनं ‘श्री’ बसवलं.

त्या वर्षी आरती मीच उचलली, सूर जरा खाली घेऊन, पण भरधाव.

“मावशी, स्लो डाउन!” मुलं ओरडली.

नाही केलं. देव आठवला की आनंद होतो, आता माझाही इलाज नाही.