उशीच्या गळ्यात पडून

त्या दुपारी मी पोहरादेवीच्या मंदिराच्या पायऱ्यांवर बसले होते, पण देवीसमोर जायची हिंमत होत नव्हती. बंजारा बायकांची गाणी ध्वनिमुद्रित करत मी इतकी वर्षं तांडे पालथे घातले, आणि जमुनाबाईंनी गायलेला ढावलो, ते पाठवणीचं गाणं, माझ्याच हातून पुसला गेला. दुसरं समजून मी त्यांच्याच गाण्याचं मेमरी कार्ड कोरं केलं. जमुनाबाई महिन्याभरापूर्वी गेल्या. त्यांची मुलगी कमल फोनवर एवढंच म्हणाली होती, "याडीचा आवाज घेऊन ये वं बाई." याडी म्हणजे आई. आणि मी तिच्याकडे निघाले होते रिकाम्या हातांनी.

ढावलो सासरी निघालेल्या मुलीनं आपल्या माणसांच्या गळ्यात पडून, रडत रडत म्हणायचा असतो. मी मात्र आवाज स्वच्छ यावा म्हणून जमुनाबाईंना दार लावून एकटं बसवलं, कमललासुद्धा बाहेर काढलं. "गळ्यात पडायले कोनी तं पाह्यजे," म्हातारी म्हणाली. मी तिच्या हातात उशी दिली! बिचारी उशीला मिठी मारून गायली. आता ते आठवलं की स्वतःच्या शहाणपणाची किळस येते. तरीही त्या पायऱ्यांवर मी मनातल्या मनात देवीशीच भांडत होते, तू हे होऊच कसं दिलंस म्हणून.

शेजारी नारळ घेऊन बसलेल्या एका अनोळखी बाईनं विचारलं, "काहून रडून राह्यली?" मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

"मंग इथं कायले बसली? थे पोरगी वाट पाहून राह्यली असंन." तिनं माझी बॅग उचलली आणि मला तांड्याकडे जाणाऱ्या ऑटोत बसवूनच ती परत फिरली. तिचं नावही मी विचारलं नाही.

कमल दारातच उभी होती. मी खरं ते सांगितलं. ती एकदम माझ्या गळ्यात पडली आणि रडता रडता गाऊ लागली. जमुनाबाईंचाच ढावलो, त्यांचाच हेल. त्यांचा श्वास जिथे तुटायचा तिथेच तिचाही तुटला.

"तुनं बाहीर काढलं होतं," ती हुंदक्यांत म्हणाली, "पन मी दाराले कान लावून होती."

जमुनाबाईंचा आवाज परत आला नाही, येणारही नाही. ते दुःख माझ्याजवळ राहील. पण देवी, मी बंद केलेल्या दारामागेही तू कुणाला तरी बसवून ठेवलं होतंस. रेकॉर्डर बॅगेतच राहिला; माझे दोन्ही हात कमलच्या पाठीवर होते.