डॉक्टरीणबाईंच्या नऊ फांद्या

तुमच्या पोराचं औषध एकाच झाडावर उभं असेल, तर त्या झाडाची फांदी तुम्ही घराबाहेर जाऊ द्याल का? पटकन हो म्हणू नका. बैठकीत सगळेच हो म्हणतात. मीही म्हणते, माईक हातात असला की जरा जास्तच जोरात म्हणते. इर्मा वासिलिक मात्र नाही म्हणाली होती, आणि त्यावरून मी तिच्याशी दीड वर्ष बोलत नव्हते.

इर्मा आमच्या बेरिसो गावचीच, नदीकडच्या पत्र्याच्या घरांतली. वय एकसष्ट. अठ्ठावीस वर्षं तिने दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री केली. घरात ती आणि तिचा मुलगा दारियो. दारियो सत्तावीस वर्षांचा, त्याला लहानपणापासून फिट येतात. गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा, तरी आठवड्याला नऊ-दहा फिट ठरलेल्या. सहा वर्षांपूर्वी आमच्या, घरी औषधी झाडं लावणाऱ्यांच्या, गटातल्या एकाने इर्माला एका झाडाची फांदी दिली. गांजाचं झाड. हो, गांजाच. नाक मुरडायचं असेल तर इथेच मुरडून घ्या. त्या झाडात नशा जवळजवळ नाही, पण त्याच्या फुलांचं तेल दारियोला असं लागू पडलं की महिन्याला एखादी फिट, कधी तीही नाही. दोन वर्षांनी तो एकटा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पाव आणायला लागला. इर्मा खिडकीतून बघत उभी राहायची, तो परत येईपर्यंत.

झाडाला त्याने नाव ठेवलं डॉक्टरीणबाई. आईला म्हणायचा, "म्हातारे, डॉक्टरीणबाईंना पाणी दिलंस का? त्या रुसल्या तर माझी वाट लागेल."

डॉक्टरीणबाई राहायच्या इर्माच्या कपड्यांच्या कपाटात. वर दिवा, बाजूला छोटा पंखा, आतून चकचकीत कागद. कपडे गेले खाटेखाली. या झाडाचं बी पेरलं तर पोरं वेगळीच निघतात, आईचा गुण येईलच याची खात्री नाही. फांदी कापून लावली तर मात्र तेच झाड पुन्हा उभं राहतं. म्हणून दर वर्षी जुनं थकायच्या आत इर्मा नवी फांदी लावायची. आमच्यात फांदी विकत नाहीत. दिली तर अशीच द्यायची, आणि देणाऱ्याचं झाड मेलं तर घेणाऱ्याने एक फांदी परत आणून द्यायची. कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे.

जिच्या मूळ झाडाची फांदी ती, ते देणाऱ्याचं झाड पुढे मेलं, पण इर्माने पाळलं नाही. परवाने नव्हते तेव्हा शेजारच्या कुणीतरी चुगली केली होती आणि पोलिसांनी तिच्या अंगणातली पाच झाडं मुळासकट उपटून फुटपाथवर मांडली, फोटो काढायला. कपाटातलं तेवढं वाचलं. नंतर कायदा बदलला, तिला परवाना मिळाला, तो तिने फ्रीजवर चुंबकाने लावला. पण तिने ठरवलं ते ठरवलं. फांदी घराबाहेर जाणार नाही. मी तिला सांगितलं, "एकच झाड, एकच घर. उद्या काही झालं तर काय करशील?" ती म्हणाली, "तू तुझं घर सांभाळ, लुकडे." मी दार आपटून निघाले.

या जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, तिचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "मुळं सडतायत. ये."

मी गेले. डॉक्टरीणबाईंची पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. कुंडीतून तळ्याच्या चिखलासारखा वास येत होता. झाड वाचणार नव्हतं. वरच्या बाजूच्या नऊ फांद्या तेवढ्या ताठ होत्या. इर्माने तेलाची बाटली उजेडात धरून दाखवली. "ऑक्टोबर संपेपर्यंत पुरेल. आत्ता फांद्या लागल्या तर ऑक्टोबरात फूल. मध्ये एक आठवडासुद्धा शिल्लक नाही."

"दुसऱ्या कुणाचं तेल तोवर देऊन बघू."

"मागच्या वर्षी दोघांचं दिलं होतं. चार दिवसांत तीन फिट आल्या. दात तुटला त्याचा. पुन्हा हे बोलू नकोस."

मी टेबल मोकळं केलं.

तिने ब्लेड स्पिरिटने पुसलं. पेराच्या खाली तिरका काप, मोठी पानं अर्धी छाटलेली. मग फ्रीजमधून मसुराच्या पाण्याची बरणी काढली. आमच्याकडे मुळं फुटायला बाजारचं औषध कुणी आणत नाही. मसूर भिजवायचे, मोड आले की वाटून गाळायचे आणि त्या पाण्यात फांदीचं टोक बुडवायचं. घरोघर हीच पद्धत आहे. नऊही फांद्या तिने पाण्यात धरल्या, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, गोळ्यांत खोचल्या आणि वर केक झाकायचं प्लास्टिकचं झाकण ठेवलं. आतून वाफ धरली. दारियो डोकावून म्हणाला, "नऊ डॉक्टर. एवढे तर दवाखान्यातही नसतात."

चौथ्या दिवशी इर्माने एक फांदी उचलून पाहिली. बूड तपकिरी आणि बुळबुळीत. दुसरी तशीच. तिसरीही. उरलेल्याही तिने एकेक करून उचलल्या. नऊच्या नऊ.

स्वयंपाकघरात तिची थोरली बहीण ओल्गा वारेनिकीचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचं, पीठ लाटत होती. ओल्गा पुढच्याच गल्लीत राहते, थंडीत रोज दुपारी इकडे येते, दोन्ही घरांपुरतं रांधते. इर्मा तिला म्हणाली, "पाणी तर ताजं होतं. लावायच्या आदल्याच दिवशी गाळलं होतं मी."

"कुठलं पाणी?"

"मसुराचं. निळ्या झाकणाची बरणी."

ओल्गाचं लाटणं थांबलं. "निळी माझी. लाल तुझी. निळीत मी मसूर भिजवले होते रश्शासाठी. मसूर उपसले आणि पाणी तसंच ठेवलं, सूपात घालायला." मग खालच्या आवाजात, "त्यात खायचा सोडा घातला होता."

"सोडा कशाला?"

"तुझ्याच पोटासाठी. तुला मसूर बाधतात ना."

कुणी हसलं नाही. दुसरा कुठला दिवस असता तर मी खुर्चीवरून पडले असते. इर्मा म्हणाली, "ओल्गा, तू घरी जा. आणि आता या कपाटाला हात लावायचा नाही. दाराला पण नाही."

"मी मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं."

ओल्गाने हाताचं पीठ झाडलं, कोट चढवला आणि गेली. पीठ ओट्यावर तसंच वाळलं.

आम्ही दोघींनी नऊही फांद्या टेबलावर घेतल्या आणि सडलेला भाग वरवर कापत गेलो, आत हिरवं लागेपर्यंत. चार फांद्यांत हिरवं लागेस्तोवर फांदीच संपली. पाच उरल्या, बोटभर लांबीच्या. जुनं झाड त्याच आठवड्यात मेलं होतं. म्हणजे जे काही होतं ते या पाच बोटांत होतं. लाल झाकणाच्या बरणीतलं पाणी मी आधी जिभेवर घेऊन पाहिलं. मग फांद्या बुडवल्या.

पुढचे दिवस मला नको इतके स्वच्छ आठवतात. फांदी उपसून मुळं आली का बघायचं नसतं, उपसली की कोवळं मूळ तुटतं. हे इर्माला माहीत होतं. आमच्या बैठकीत नव्या लोकांना हे शिकवायचीच ती. तरी दिवसातून दहा वेळा झाकणापाशी जायची. मी तिला खुर्चीवर बसवून यर्बाच्या कडू चहाचा पेला हातात द्यायचे, म्हणजे हात अडकलेले राहतील. पुन्हा लावल्यापासून सातव्या दिवशी एका फांदीने मान टाकली. नवव्या दिवशी दुसरीने. राहिल्या तीन. बाहेर नदी फुगवणारा आग्नेयेचा वारा पत्रे वाजवत होता आणि आम्ही दिव्याकडे बघत बसायचो, वीज जाऊ नये म्हणून.

दारियो गप्प झाला होता. विनोद बंद. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, झोप येते."

अकराव्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. ओल्गाही आली होती, न बोलावता, भांड्यात रस्सा घेऊन. इर्माने तिला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. दारियोने पाव मोडला आणि तो हात तसाच वर राहिला. काटा जमिनीवर पडला. मी उठेपर्यंत ओल्गाने खुर्ची मागे ओढून त्याला कुशीवर घेतलं होतं, डोकं आपल्या मांडीवर. "वेळ बघ," ती मला म्हणाली. साडेतीन मिनिटं. इतकी लांब फिट दोन वर्षांत आली नव्हती.

तो शुद्धीवर आल्यावर इर्मा बाटली घेऊन आली. तिने बाटली उजेडात धरली, नखाने तेलाची रेघ दाखवली. "एवढं तेल उरायला नको होतं, पोरा."

दारियोची जीभ अजून जड होती. "तीन थेंब कमी घेत होतो. सकाळी तीन, संध्याकाळी तीन."

"कधीपासून?"

"सोड्यापासून." त्याने मावशीकडे बघितलं. "तिला रागावू नकोस. मी हिशोब केला. या तिन्ही गेल्या तर निदान डिसेंबर गाठता येईल."

इर्मा खाली फरशीवरच बसली. मी कितीतरी मोर्चांत पोलिसांसमोर उभी राहिले आहे, पण त्या स्वयंपाकघरात मला तोंड कुठे फिरवावं कळेना. ती इतकंच म्हणाली, "उद्यापासून पूर्ण थेंब. मी मोजून देईन. तू माझ्या पोटचा आहेस, माझा वाणी नाहीस."

पंधराव्या दिवशी गोळ्यांच्या बाजूने पांढरे धागे बाहेर आले. तिन्ही गोळ्यांतून, दोऱ्याएवढे. आता थांबूनही चालणार नव्हतं. मुळं उघड्यावर वाळतात, त्यांना मातीत न्यावं लागतं. तीन प्लास्टिकचे पेले तयार केले, तळाला भोकं, आत हलकी माती, बोटाने पाडलेला खड्डा. बस, गोळी उचलायची आणि खड्ड्यात ठेवायची, मूळ न मोडता. सहा वर्षांत इर्माने हे पन्नास वेळा केलं असेल.

तिने पहिली गोळी उचलली आणि तिचे हात थरथरायला लागले. गोळी परत ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. दारियोचे हात तर औषधाच्या गोळ्यांमुळे कायमच कापतात. माझे हात बॅनरचे बांबू बांधायचे, मी नाजूक काम केलं तर कप फुटतो.

ओल्गा दारापाशी उभी होती, कोट न काढता. चाळीस वर्षं चर्चच्या हॉलमध्ये वारेनिकी वळलेली बाई. तिच्या बोटांखाली पीठ फाटलेलं कुणी पाहिलेलं नाही. मला बोलायचं फार होतं, पण तोंड दाबून उभी राहिले. हे माझ्या स्वभावात नाही, ओळखणाऱ्यांना विचारा.

इर्माने तिच्याकडे न बघताच विचारलं, "हात धुतलेस का?"

"धुतले."

"पुन्हा धू."

ओल्गाने कोट काढला, बाह्या दुमडल्या, कोपरापर्यंत हात धुतले. टेबलाशी बसली. चहाचा चमचा गोळीखाली सरकवला, दुसऱ्या हाताची दोन बोटं वर छत्रीसारखी धरली आणि गोळी उचलून पेल्यात उतरवली. माती कडेने ढकलली, दाबली नाही. दुसरी तशीच. तिसऱ्या गोळीचा एक धागा चमच्याला चिकटून तुटला. तो आवाज येण्यासारखा नव्हता, तरी आम्ही चौघांनी ऐकला. ओल्गाचा हात हवेत थांबला.

"पुढे चल," इर्मा म्हणाली. "थांबलीस तर जास्त तुटेल."

तिसरी दोन दिवसांत गेली. दोन उभ्या राहिल्या. मातीत गेल्यापासून आठव्या दिवशी त्यांच्या शेंड्याला नवी पानं आली, नखाएवढी, गुळगुळीत. इर्मा त्या पेल्यांसमोर तासभर बसली. मग एका पेल्यावर पारदर्शक पिशवी घातली, खाली रबर लावलं आणि ओल्गासमोर ठेवला.

"हा तुझ्या घरी."

"माझ्या? निळी बरणी माझ्याच घरातून आली होती."

"म्हणूनच. आता तू विसरणार नाहीस. दिवा लुकडी आणून देईल. परवान्याची एक प्रत जवळ ठेव. आणि मी मागितली तर एक फांदी परत द्यायची, कारण विचारायचं नाही."

ओल्गा पेला कोटात घेऊन बाहेर पडली. इर्मा खिडकीत उभी राहिली, ती गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

आज डॉक्टरीणबाई दोन घरांत आहेत. दोन्ही झाडं गुडघ्याएवढीही नाहीत. दोन्ही घरांची वीज एकाच खांबावरून येते. नदी फुगली की आधी हाच खांब बंद पडतो. फूल ऑक्टोबरात येईल, आलं तर. तेवढ्यात एखादी बुरशी, एखादी पुराची रात्र, आणि दारियो पुन्हा थेंब चोरायला लागेल. इर्माने काल मला सांगितलं, सप्टेंबरमध्ये ती चार फांद्या कापणार आणि चारही बाहेर देणार. हे तिने स्वतः सांगितलं, मी विचारलं नव्हतं. घरं शोधायचं काम माझं.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमचा परवाना असेल, तुमची वीज नदीवरच्या पुलाच्या पलीकडून, दुसऱ्या खांबावरून येत असेल, आणि मागितल्यावर एक फांदी परत द्यायची तुमची तयारी असेल, तर कपाटाचा एक कप्पा रिकामा करा आणि या शनिवारी सकाळी दहाला आमच्या बैठकीला येऊन तुमचं नाव सांगा.