सरदाराचं कूळ आणि माझा परिचय

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत गणपतीत एका संध्याकाळी व्याख्यान असतं. यंदा वक्ता मी. विषय घेतला जपानचा एक जुना सरदार. शेतकऱ्याचं पोर, धन्याच्या चपला सांभाळणारा नोकर. थंडीत धन्याचे पाय गारठू नयेत म्हणून चपला अंगरख्यात छातीशी धरून गरम ठेवायचा म्हणे. पुढे हाच सगळ्या जपानचा मालक झाला. विषय झकासच!

वक्त्याचा परिचय निवेदिका वाचते, पण लिहून द्यायचा वक्त्यानेच. मी ठोकून दिलं, 'वडील टेक्स्टाइल इंजिनिअर.' आमचे बाबा गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे होते. त्या खडखडाटात कान गेले. ऐकू येत नाही, मागे बसतील, कोणाला कळतंय, असा विचार मी केला. हो, केला. लाज वाटते सांगायला.

सेक्रेटरींनी बाबांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं, स्पीकरच्या शेजारीच. परिचय वाचला गेला. बाबांनी मान वर केली आणि परत खाली घातली. झालं, वाट लागली!

तरी मी बोललो. हेच व्याख्यान आधी दोन-चार ठिकाणी दिलेलं, पाठच होतं सगळं. सत्ता आल्यावर या सरदाराने आपल्या जन्माची गोष्टच बदलली, थोर घराण्यातला असल्याचं लिहवून घेतलं, हे मी दरवेळी आवाज चढवून सांगतो. त्या दिवशी तिथेच जीभ अडखळली. लोकांना वाटलं, वक्ता भारावला. मेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर सेक्रेटरी बाबांच्या कानाशी ओरडले, "काका, इंजिनिअरिंग कुठून केलंत?"

माझ्या हातातला सत्काराचा नारळ घामाने निसटायला लागला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"फार जुनी गोष्ट आहे. आता आठवत नाही."

जन्मभर मालवणीशिवाय न बोलणारा माणूस, माझ्यासाठी पुस्तकी मराठीत खोटं बोलला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "बरां बोललंस रे झिला. पन त्या सरदाराच्या बापाशीचा फुडे काय झाला, तां सांगलंस नाय."

इतकी पुस्तकं चाळली होती मी. ते कधी शोधलंच नव्हतं.