झाडाचे पाहुणे

भडगावजवळच्या माझ्या शेतात निंदणीला बायकांची टोळी आली, तिच्यात ती होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. तिची एक खोड मात्र लगेच ध्यानात आली. कुठलीही गोष्ट ती आधी नाकाशी न्यायची. भाकरी, मडक्यातलं पाणी, मी दिलेला चहासुद्धा! चहाचा मला जरा रागच आला.

त्या दिवशी कपाशीच्या पानांना अळीने भोकं पाडली होती आणि मी घाईघाईने फवारणीचा पंप भरायला घेतला होता. तिने एक कुरतडलेलं पान खुडलं, हुंगलं आणि सरळ माझ्या नाकाशी धरलं. हिरवा, उग्र वास होता. धड पानाला तो नव्हता.

"थांब ना भाऊ," ती म्हणाली. "झाडनी पाव्हणा बलायेल शेतस. तू त्यासले दारमाच मारशी का?"

झाडाने बोलावलेले पाहुणे कोण, ते तिने बोटाने दाखवलं. डासाएवढ्या काळ्या माश्या त्या वासावर येऊन अळ्यांच्या अंगात अंडी घालत होत्या. पीक माझं होतं, धाकधूकही माझीच. तरी मी पंप खाली ठेवला. आठवड्याभराने बऱ्याच अळ्या मेलेल्या दिसल्या, शेजारी त्या माश्यांचे तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष.

पुढच्या निंदणीला ती टोळीत नव्हती.

आता अळी दिसली की मी आधी पान हुंगतो. बायको हसते, "काय शोधताय एवढं?"

"आमंत्रण गेलंय का ते बघतोय," मी म्हणतो, आणि पाहुण्यांची वाट बघत रिकाम्या पंपावर बसून राहतो.