चटईएवढं ऊन

आमच्या पुनर्वसनाच्या इमारती इतक्या चिकटून उभ्या आहेत की सकाळचं ऊन फक्त पाण्याच्या टाकीजवळ, चटईएवढं उतरायचं. डॉक्टरांनी हाडांसाठी ऊन घ्यायला सांगितलेल्या शेजारच्या सुमनमावशी तिथे स्टूल टाकून बसत. कुणी कावीळ झालेलं तान्हं बाळ आणलं की लगेच उठत. "धर गं त्याला इथे, माझं झालं."

आता पूर्वेला टॉवर चढलाय. घरं देताना खोल्या मोजल्या, ऊन मोजायचं कुणालाच सुचलं नाही. डॉक्टर मात्र अजून तेच सांगतात.

काल मावशी त्याच जागी, सावलीत बसलेल्या दिसल्या.

"मावशी, इथे ऊन कुठंय?"

"घरात तरी कुठंय?" म्हणत त्यांनी साडी जराशी वर ओढली आणि दुखरे गुडघे टॉवरकडे करून बसल्या.